ओढ्यात मीठ ओतून मॉडेल कसं बांधायचं

पहिल्या चाचणीत आम्ही घाई केली. घाटमाथ्यावरचा एक ओढा, दोन किलो खडेमीठ, पाण्याची विद्युतवाहकता मोजणारे दोन मीटर आणि आम्ही तिघं. मीठ ओतलं. खालच्या ठिकाणी आकडा चढला, उतरला आणि मूळ आकड्याच्या पाच-सहा अंक वर येऊन घुटमळत राहिला. ऊन चढलं होतं, डबे उघडायचे होते. "झालंच की आता," असं म्हणून मीटर बाहेर काढला. घरी हिशेब मांडला तर दोन किलोंपैकी जवळजवळ तीनशे ग्रॅम मीठ गायब! ते कुणी उचलून नेलं नव्हतं. डोहात, दगडांच्या सांदीत, वाळूत शिरून बसलं होतं आणि आम्ही भाकरी खात होतो तेव्हा सावकाश बाहेर पडत होतं.

त्या पाच-सहा अंकांना मी आता शेपूट म्हणतो. आलेखाचं टोक, म्हणजे सगळ्यात उंच बिंदू, कुणालाही जुळवता येतं. ओढा पाणी कुठे आणि किती वेळ धरून ठेवतो, ते शेपटीत कळतं. म्हणून पुढची सगळी खटपट शेवटी शेपूट नीट मोजण्यासाठी आणि विरघळलेला पदार्थ ओढ्यात कसा पुढे जातो हे सांगणाऱ्या मॉडेलमध्ये नीट उतरवण्यासाठी आहे. सामान फार लागत नाही. दोन ईसी (म्हणजे वाहकता) मीटर, बादली, टेप, स्टॉपवॉच आणि एक्सेल चालणारा लॅपटॉप. गणित बारावीपर्यंत केलेलं असलं तरी पुरे.

पाण्यात नेमकं काय घडतं

विरघळलेला पदार्थ ओढ्यात दोन गोष्टी करतो. पाण्याबरोबर वाहून जातो आणि वाहता वाहता पसरतो. वाहून जाण्याला पुस्तकात ॲडव्हेक्शन म्हणतात आणि पसरण्याला डिस्पर्शन. हे पसरणं म्हणजे रेणूंचं आपसूक होणारं विसरण, असा समज बऱ्याच जणांचा असतो. तसं ते नाही. स्थिर पाण्यात मिठाचा विसरण गुणांक सेकंदाला एका चौरस मीटरच्या अब्जांशाच्या घरात असतो. पुढच्या उदाहरणातल्या ओढ्याचा डिस्पर्शन गुणांक ०.३ आहे, म्हणजे त्याच्या साधारण वीस कोटी पट.

एवढा फरक कुठून येतो? मधलं पाणी पळतं, काठाचं आणि तळाचं रेंगाळतं. मधे पडलेलं मीठ पुढे जातं, काठाचं मागे राहतं, आणि भोवऱ्यांमुळे दोघांची सतत अदलाबदल होत राहते. वेगांतला हा फरक आणि ही सरमिसळ मिळून मिठाचा ढग लांबट होत जातो. जेफ्री टेलर यांनी १९५३ साली नळीतल्या प्रवाहासाठी हे गणितात मांडलं. नदीच्या बाबतीत तळ आणि पृष्ठभाग यांच्या वेगापेक्षा दोन काठांमधला वेगाचा फरक जास्त महत्त्वाचा, हे ह्युगो फिशर यांनी १९६० च्या दशकात दाखवलं. रुंद नदीत हा गुणांक प्रचंड होतो. अमेरिकेतल्या मिसुरी नदीत तो १,५०० च्या आसपास मोजला गेला आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे साठा. डोह, काठाची डबकी, पाणवनस्पतींची जाळी, तळाची वाळू-गोटे. इथलं पाणी जवळजवळ थांबलेलं असतं, पण मुख्य धारेशी त्याची देवघेव चालू असते. ढग येतो तेव्हा ही ठिकाणं मीठ उचलतात, ढग पुढे गेला की हळूहळू परत सोडतात. शेपूट येते ती इथून.

पट्टा निवडताना

चाचणीसाठी ऑक्टोबर ते डिसेंबर बरा. पावसाळ्यात पाणी तासातासाला बदलतं, आणि फेब्रुवारीनंतर सह्याद्रीतले बरेच ओढे डोहाडोहांत तुटतात. दोनशे ते चारशे मीटरचा, मधे ओहोळ न मिळणारा पट्टा शोधा. पुढच्या सगळ्या हिशेबासाठी एक काल्पनिक ओढा घेऊ, आकडे मुद्दाम गोल ठेवून: रुंदी २.५ मीटर, खोली २२ सेंटिमीटर, उतार हजार मीटरला चार मीटर, वेग सेकंदाला २० सेंटिमीटर. म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ ०.५५ चौरस मीटर आणि प्रवाह सेकंदाला ११० लिटर.

पहिलं मोजमाप ओतल्या जागेपासून किती लांब घ्यायचं? मीठ आडवं, म्हणजे एका काठापासून दुसऱ्यापर्यंत, पुरतं मिसळल्याशिवाय आपलं एकमितीय (फक्त ओढ्याच्या लांबीच्या दिशेने हिशेब करणारं) मॉडेल लागूच होत नाही. त्यासाठी आधी घर्षण वेग काढा: गुरुत्वाकर्षण (९.८१) × खोली × उतार, याचं वर्गमूळ. आपल्या ओढ्यात तो ०.०९३ मीटर प्रति सेकंद येतो. ०.६ × खोली × घर्षण वेग हा आडव्या सरमिसळीचा गुणांक, इथे ०.०१२. मग मिसळण्याचं अंतर म्हणजे ०.१ × वेग × रुंदीचा वर्ग ÷ हा गुणांक. धारेच्या मधे ओतलं तर साधारण १० मीटर. काठावरून ओतलं तर चौपट, ४० मीटर. म्हणजे बादली घेऊन धारेत उतरायचा आळस केलात की तीस मीटरचा भुर्दंड.

खरा ओढा सूत्राइतका गुणी नसतो, म्हणून मी दुपटीने अंतर धरतो. पहिलं ठिकाण ८० मीटरवर, दुसरं ३०० मीटरवर. पहिल्या ठिकाणी डावा काठ, मध्य, उजवा काठ असं पटापट मोजून पाहा. तिन्ही आकडे दहा टक्क्यांच्या आत असले तर जागा चांगली. नसले तर खाली सरका.

गावात जाऊन सांगून या. हे उपचार म्हणून नाही. खाली कुणाची मोटर पाण्यात असेल, कुणाची गुरं पाण्यावर येत असतील, कुणी कपडे धूत असेल. साबणाच्या पाण्याने वाहकता वर जाते आणि तुमच्या आलेखावर एक जास्तीचा उंचवटा उठतो. मोटरींचा तर मला चांगलाच धडा मिळाला आहे. एकदा चाचणी ऐन रंगात असताना लाईट आली आणि काठावरच्या तीन मोटरी एकदम सुरू झाल्या. प्रवाह निम्म्यावर आला आणि दिवस फुकट गेला. तेव्हापासून शेतीच्या लाईटची वेळ विचारल्याशिवाय मी मिठाची पिशवी उघडत नाही.

मीठ किती, कसं

अंदाज मॉडेलनेच काढायचा. एकदम ओतलेल्या मिठासाठी सूत्र असं: टोकाची संहती (पाण्यातलं मिठाचं प्रमाण) = वस्तुमान ÷ (क्षेत्रफळ × √(४ × पाय (π) × डिस्पर्शन × वेळ)). डिस्पर्शन अजून माहीत नाही, म्हणून फिशर यांचं अंदाजाचं सूत्र वापरा: ०.०११ × वेगाचा वर्ग × रुंदीचा वर्ग ÷ (खोली × घर्षण वेग). आपल्या ओढ्यासाठी उत्तर ०.१३ येतं. या सूत्राच्या उत्तरावर फार भरवसा ठेवू नका, दुप्पट-तिप्पट चूक नेहमीची. हिशेबासाठी ०.३ धरू. दोन किलो मीठ, ३०० मीटर, १,५०० सेकंद: टोक लिटरला ४८ मिलिग्रॅम. लिटरमागे साध्या मिठाचा एक मिलिग्रॅम वाहकता साधारण दोन मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरने वाढवतो, म्हणजे मीटरवर ९७ अंकांची चढ दिसेल. ओढ्याची मूळ वाहकता दोनशे-अडीचशे असेल तर हे भरपूर आहे. शेपटीतले तीन-चार अंकही वाचता आले पाहिजेत, हे लक्षात ठेवूनच वजन ठरवा.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. मिठात क्लोराइड सुमारे ६१ टक्के, तेव्हा ३०० मीटरवरचं टोक त्याच्या आसपासही जात नाही. ओतायच्या जागी मात्र काही सेकंद पाणी चांगलंच खारट होतं, म्हणून माशांची पिल्लं साचलेल्या डबक्याशेजारी ओतू नये.

मीठ आदल्या रात्री विरघळवू नका, ओढ्याच्याच पाण्यात विरघळवा. दोन किलोला दहा लिटर पाणी. याहून घट्ट केलंत तर जड द्रावण तळाला बसतं आणि पहिल्याच डोहात लपून राहतं. बादलीच्या तळाशी खडे उरले असतील तर ते मीठ वजनात धरलं गेलंय पण पाण्यात गेलंच नाही, म्हणजे हिशेब पहिल्या मिनिटालाच चुकला. ओतायची जागा खळाळाची हवी. धारेच्या मधे उभं राहून, खाली वाकून, बादली एका झटक्यात उलटी करायची, लगेच त्याच पाण्यात विसळायची, आणि "ओतलं!" असं ओरडायचं. स्टॉपवॉच त्या ओरडण्यावर सुरू.

मीटर आणि त्याची परीक्षा

बाजारातले स्वस्त टीडीएस मीटर आतून वाहकताच मोजतात आणि एका ठरावीक गुणकाने मिलिग्रॅम दाखवतात. तो गुणक कुणाचा ०.५ तर कुणाचा ०.७ असतो, म्हणून शक्यतो थेट वाहकता दाखवणारा मीटर घ्या. तापमानाची दुरुस्ती चालू आहे ना ते पाहा, कारण पाणी एका अंशाने तापलं की वाहकता जवळजवळ दोन टक्क्यांनी वाढते. सकाळी दहा ते दुपारी एक एवढ्यात उथळ ओढा तीन-चार अंश सहज तापतो, आणि दुरुस्ती बंद असेल तर तुमची शेपूट म्हणजे निव्वळ ऊन असेल.

संहती आणि वाहकता यांचं नातं पुस्तकातून घेऊ नका, त्याच मिठाने आणि त्याच पाण्याने जागेवर काढा. ओढ्याच्या एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम मीठ विरघळवा. दुसऱ्या एक लिटर पाण्यात या द्रावणाचे पाच-पाच मिलिलिटर इंजेक्शनच्या सिरिंजने घालत जा. प्रत्येक वेळी साधारण ५० मिलिग्रॅमची भर. पाच-सहा आकडे लिहिले की सरळ रेष मिळते, आणि तिचा उतार हाच तुमचा गुणक. दोन मीटर असतील तर दोघांची परीक्षा वेगवेगळी घ्या.

नोंदीसाठी एक युक्ती: मोबाईल छोट्या स्टँडवर लावून मीटरच्या पडद्याचं व्हिडिओ शूटिंग करा. शेजारी स्टॉपवॉच ठेवा. घरी बसून दर दहा सेकंदांचे आकडे उतरवता येतात. हातात वही असली की टोकाच्या वेळी माणूस गडबडतो आणि नेमके तेच आकडे चुकतात.

मीठ ओतण्याआधी पंधरा मिनिटं मूळ वाहकता मोजा. शक्य असेल तर ओतायच्या जागेच्या वर तिसरा मीटर ठेवून ती शेवटपर्यंत मोजत राहा. आणि थांबायचं कधी? आकडा सलग वीस मिनिटं मूळ पातळीला चिकटून राहिला, की मग. टोक येऊन गेल्यावर जेवढा वेळ त्याला लागला होता त्याच्या निदान तिप्पट वेळ बसायची तयारी ठेवा. डबा तिथेच उघडा, मीटर पाण्यातच राहू द्या.

आकड्यांचा पहिला हिशेब

मूळ वाहकता वजा करा, गुणकाने संहती काढा, आलेख मांडा. आता तीन गोष्टी.

आलेखाखालचं क्षेत्रफळ, म्हणजे प्रत्येक संहती × दोन नोंदींमधले सेकंद, यांची बेरीज. वस्तुमानाला या बेरजेने भागलं की प्रवाह मिळतो. दोन किलोंना १८,१८२ अशी बेरीज आली तर प्रवाह ०.११ घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे ११० लिटर. चाचणीचा हा खरं तर फुकटचा नफा आहे. दगडगोट्यांच्या ओढ्यात टेप आणि तरंगत्या संत्र्याने मोजलेल्या प्रवाहापेक्षा हा आकडा जास्त विश्वासाचा असतो.

खालच्या ठिकाणची बेरीज वरच्यापेक्षा कमी आली तर दोन शक्यता. एक तर मधे झऱ्याचं गोडं पाणी मिळालं आणि मीठ पातळ झालं, किंवा तुम्ही शेपूट कापली. आमच्या पहिल्या चाचणीत आम्ही हौसेने पहिली शक्यता धरली आणि नसलेला झरा नकाशावर काढलासुद्धा! प्रवाह दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे मोजल्याशिवाय असा निष्कर्ष काढू नये.

दुसरी गोष्ट, आलेखाचं गुरुत्वमध्य: वेळ × संहती यांची बेरीज ÷ संहतींची बेरीज. समजा पहिल्या ठिकाणी ४०० सेकंद आणि दुसऱ्या ठिकाणी १,५००. मधलं अंतर २२० मीटर, वेळ १,१०० सेकंद, वेग ०.२०. प्रवाहाला वेगाने भागलं की क्षेत्रफळ ०.५५.

तिसरी, आलेखाची रुंदी, म्हणजे प्रचरण. गुरुत्वमध्यापासूनच्या प्रत्येक वेळेच्या फरकाचा वर्ग × संहती, यांची बेरीज ÷ संहतींची बेरीज. समजा ती ६,००० आणि २२,५०० आली. फरक १६,५००. डिस्पर्शन = वेगाचा वर्ग × प्रचरणातला फरक ÷ (२ × वेळेतला फरक). ०.०४ × १६,५०० ÷ २,२०० = ०.३ चौरस मीटर प्रति सेकंद. दोन ठिकाणांचा फरक घेतल्यामुळे ओतायच्या जागेची सगळी अव्यवस्था आपोआप वजा होते. एकाच ठिकाणावर मॉडेल बांधणाऱ्यांना ही सोय नाही.

एका ओळीचं मॉडेल

आता एक्सेल. आडव्या ओळीत ओढा मांडा: प्रत्येक रकाना दोन मीटरचा, डावीकडे वरचा भाग, उजवीकडे खालचा. उभ्या दिशेत वेळ: प्रत्येक ओळ दोन सेकंदांची. पहिल्या स्तंभात ८० मीटरवर मोजलेली संहती भरा (दहा-दहा सेकंदांच्या नोंदींमधले आकडे सरळ रेषेने काढून). तिथून ११० रकान्यांवर तुमचं दुसरं ठिकाण. त्यापुढे आणखी तीसेक रकाने सोडा, म्हणजे शीटच्या उजव्या काठाचा परिणाम मोजणीवर होणार नाही. बाकी प्रत्येक रकान्यात एकच सूत्र:

नवी संहती = ०.२७ × (आधीच्या ओळीतला डावा शेजारी) + ०.६६ × (आधीच्या ओळीतला स्वतः) + ०.०७ × (आधीच्या ओळीतला उजवा शेजारी)

एवढंच. हे आकडे आले कुठून ते मात्र समजून घ्या, कारण निम्मी मॉडेलं इथे फसतात.

दोन सेकंदांत पाणी ०.४ मीटर जातं, म्हणजे रकान्याचा पाचवा भाग. हा ०.२ झाला कूरां अंक. साध्या पद्धतीत प्रत्येक रकाना वरच्याकडून ०.२ भाग पाणी घेतो आणि तेवढंच खाली देतो. पण रकान्यात शिरलेलं मीठ त्याच क्षणी अख्ख्या दोन मीटरमध्ये मिसळलं असं संगणक मानतो. हे खोटं पसरणं आहे, ओढ्याचं नाही. त्याचं माप ठरलेलं: वेग × रकान्याची लांबी × (१ − कूरां अंक) ÷ २. इथे ०.२ × २ × ०.८ ÷ २ = ०.१६. म्हणजे तुम्ही डिस्पर्शन शून्य भरलं तरी शीट ०.१६ देणारच! रकाने चार मीटरचे केले तर हा आकडा ०.३६ होतो, खऱ्यापेक्षाही जास्त. आलेख छान जुळलेला दिसतो आणि त्यात ओढा औषधालाही नसतो.

उपाय सोपा आहे. खरं ०.३ हवं, ०.१६ आपोआप येतंय, तर सूत्रात फक्त ०.१४ घाला. ०.१४ × २ सेकंद ÷ (२ मीटर × २ मीटर) = ०.०७. हा भाग दोन्ही शेजाऱ्यांकडून येतो. डावीकडून ०.२० + ०.०७ = ०.२७, उजवीकडून ०.०७, आणि स्वतःचं उरलेलं ०.६६. तिन्हींची बेरीज एक आली पाहिजे आणि एकही आकडा ऋण नको. ऋण आला तर शीटमध्ये उणे संहती आणि करवतीसारखे दात दिसायला लागतात. तसं झालं तर वेळेची पायरी किंवा रकाना लहान करा.

मोजणीला हात लावण्याआधी शीटची परीक्षा घ्या. एका वेगळ्या प्रतीत चांगले चारशे मीटरचे रकाने मांडा, सगळे शून्य ठेवा, डावीकडून अकराव्या रकान्यात १,८१८ लिहा. दोन किलो मीठ एका रकान्यातल्या १.१ घनमीटर पाण्यात, म्हणून १,८१८. तिथून १५० रकाने खाली, १,५०० सेकंदांनंतर, वरच्या सूत्राने येणारे ४८ दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर चूक ओढ्यात शोधू नका.

शेपूट जोडताना

आता मॉडेलचा आणि मोजलेला आलेख एकावर एक ठेवा. बहुतेक वेळा चढ जुळेल, टोक थोडं जास्त निघेल आणि शेपटीत मॉडेल लवकर शून्यावर येईल. साध्या अक्षावर हे नजरेतून सुटतं. उभा अक्ष लॉगचा करा, लगेच डोळ्यांत भरेल.

कॅलिफोर्नियातल्या युव्हास क्रीकवर नेमकं हेच झालं होतं. १९७२ च्या सप्टेंबरअखेर तिथे सलग तीन तास क्लोराइड सोडलं आणि ३८, १०५, २८१, ४३३ आणि ६१९ मीटरवर मोजलं. ओढा आपल्या उदाहरणाहून कितीतरी लहान, सेकंदाला साडेबारा लिटर. मूळ क्लोराइड लिटरला ३.७ मिलिग्रॅम. केनेथ बेन्काला आणि रॉय वॉल्टर्स यांनी १९८३ मध्ये या आकड्यांवर साठ्याचं मॉडेल बसवलं. त्यांना वरच्या दोन पट्ट्यांत साठा धरावाच लागला नाही. शेवटच्या पट्ट्यात मात्र मुख्य धारेचं क्षेत्रफळ ०.५२ आणि साठ्याचं १.५६ चौरस मीटर निघालं. म्हणजे वाहणाऱ्या पाण्याच्या तिप्पट पाणी बाजूला आणि तळाखाली दबा धरून बसलेलं. असे आकडे नुसत्या डिस्पर्शनने कधीच जुळणार नाहीत. ते वाढवाल तर टोक चेपतं आणि चढ आधीच सुरू होतो.

आपल्या शीटमध्ये साठा जोडायला तेवढ्याच रकान्यांची दुसरी शीट लागते, साठ्यातल्या संहतीची. दोन नवे आकडे: देवघेवीचा दर आणि साठ्याचं मुख्य धारेशी प्रमाण. सुरुवातीला दर सेकंदाला ०.०००२ आणि प्रमाण पाव धरा. मग मुख्य रकान्यात ०.०००४ × (साठा − मुख्य) ही भर पडते. साठ्याच्या रकान्यात ०.००१६ × (मुख्य − साठा). पहिला आकडा म्हणजे दर × दोन सेकंद, दुसरा त्यालाच पावाने भागून.

या आकड्यांचा अर्थ तोंडी सांगता आला पाहिजे. प्रमाण ÷ दर म्हणजे १,२५० सेकंद: साठ्यात शिरलेला कण सरासरी एकवीस मिनिटं आत राहतो. ३०० मीटर जायला १,५०० सेकंद, गुणिले दर म्हणजे ०.३: साधारण चौथा हिस्सा मीठ वाटेत निदान एकदा तरी साठ्यात शिरतं. युव्हास क्रीकच्या शेवटच्या पट्ट्यात हाच मुक्काम साडेअठरा तासांच्या आसपास येतो. मग काठावर फिरून पाहा. एकवीस मिनिटं ही डोहातल्या भोवऱ्याची वेळ असू शकते, अठरा तास बहुतेक वाळूतल्या झिरपण्याची.

साठा जोडला की आधीचे तीन आकडेही पुन्हा जुळवावे लागतात, हे बरेच जण विसरतात. गुरुत्वमध्य उशिरा आला त्यात साठ्याची दिरंगाई धरलेली होती. ती वेगळी काढली की मुख्य धारेचा वेग वाढतो, क्षेत्रफळ कमी होतं आणि डिस्पर्शनही उतरतं. क्रम असा ठेवा: चढ सुरू व्हायच्या वेळेवरून वेग, टोकाच्या धारदारपणावरून डिस्पर्शन, लॉग अक्षावरच्या शेपटीवरून साठा. हाताने जवळ आणा, मगच सॉल्व्हर (एक्सेलमधली आकडे आपोआप जुळवणारी सोय) चालवा. पहिल्यापासून सॉल्व्हरवर सोडलं तर तो डिस्पर्शन आणि साठा यांची कुठलीही जोडी देऊन मोकळा होतो. शिवाय तो चुकांच्या वर्गांची बेरीज कमी करतो, ती सगळी टोकाजवळ असते आणि शेपटीकडे तो ढुंकूनही पाहत नाही. शेपटीतल्या नोंदींना जास्त वजन द्या.

साठ्याचे आकडे भरवशाचे आहेत का याची झटपट कसोटी: दर × (१ + १ ÷ प्रमाण) × प्रवासाची वेळ. ०.०००२ × ५ × १,५०० = १.५. हा आकडा एकच्या आसपास हवा. ०.१ च्या खाली गेला तर पट्टा इतका आखूड आहे की साठ्याचा परिणामच दिसत नाही. दहाच्या वर गेला तर तो पसरण्यात पुरता मिसळून गेला आहे आणि वेगळा काढता येणार नाही. पट्ट्याची लांबी बदलून पुन्हा चाचणी घ्या.

रोज हेच काम करायचं असेल तर अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं ओटिस हे मोफत सॉफ्टवेअर आहे, १९९८ चं, रॉबर्ट रंकेल यांचं. त्यात हीच समीकरणं जास्त चांगल्या पद्धतीने सोडवली आहेत. पण एकदा स्वतःची शीट बांधून मगच त्याकडे वळा.

मॉडेल कामाला लावताना

दोन किलोंना ३०० मीटरवर ४८ मिलिग्रॅम, म्हणजे किलोला २४. वरच्या पुलावर कीटकनाशकाचा अर्धा किलो सक्रिय घटक सांडला तर खाली टोक साधारण १२ मिलिग्रॅम, तो विघटन पावत नाही आणि गाळाला चिकटत नाही असं धरून. विघटन असेल तर प्रत्येक ओळीत संहतीला १ − (विघटनाचा दर × दोन सेकंद) याने गुणा. हळूहळू वीस मिनिटं गळती झाली तर ओतण्याचे छोटे छोटे भाग करून सगळे आलेख वेळेने सरकवून बेरजेत घाला. पाणीयोजनेच्या जॅकवेलवर लागतात ते आकडे तीन: पहिला चढ कधी, टोक किती, आणि पंप परत कधी सुरू करायचा. तिसरा शेपटीतूनच मिळतो.

स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळ १ नोव्हेंबर १९८६ ला रसायनांच्या गोदामाला आग लागली आणि विझवायच्या पाण्याबरोबर कीटकनाशकं ऱ्हाइन नदीत गेली. त्यानंतर नदीकाठच्या देशांनी मिळून जे इशारा देणारं मॉडेल उभारलं, त्यातही वेग आणि डिस्पर्शनच्या जोडीला साचलेल्या पाण्याचा वेगळा गुणांक ठेवला आहे.

एका प्रवाहावर जुळवलेले आकडे दुसऱ्या प्रवाहाला लावू नका. ११० लिटरला बांधलेलं मॉडेल जुलैतल्या पुराबद्दल काहीच सांगत नाही. पाणी वाढलं की वेग वाढतो, अर्धे डोह धारेत सामील होतात आणि नवे काठ साठा बनतात. त्याच पट्ट्यावर निदान तीन वेळा चाचणी घ्या: ऑक्टोबरात, डिसेंबरात आणि ओढा तुटायच्या जरा आधी. तिन्ही वेळी मिठाचं वजन प्रवाहाच्या प्रमाणात कमी करत जा. मागच्या वेळी कोणत्या दगडाला मीटर बांधला होता त्याचा फोटो जवळ ठेवा, कारण पाणी उतरल्यावर तो दगड ओळखू येत नाही.